जाळीवर रंगीत लाटा, कठडे झुकलेले: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सध्या रोजच्या वाटेवर पुन्हा पुन्हा येणारे आकार टिपायचं वेड लागलंय. मंगलोरी कौलांच्या रांगा, गच्चीवर वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या, असलं काहीही. फोन साधाच आहे. पापड्या छान येतात, वरून सरळ काढता येतं ना (माझी सावली मधे कडमडते ते सोडा).

अडलंय ते खिडकीच्या मच्छरजाळीपाशी. फोटोत तिच्यावर हिरव्या-जांभळ्या लाटा उमटतात. हा मॉयरे, जाळीची वीण आणि सेन्सरच्या पिक्सेलची चौकट एकमेकांवर आल्याने होतो, इतपत माहीत आहे. फोन किंचित तिरका धरला की लाटा कमी होतात, पण चौकोनही तिरके! नंतर एडिट करताना तारांची धार न घालवता नुसता रंग काढता येतो का?

शिवाय चाळीच्या गॅलऱ्या. खालून काढल्या की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. अ‍ॅपमध्ये सरळ केल्या तर वरचा मजला ताणलेला दिसतो. लांब जाऊन दुप्पट झूमने काढावं का? समोरच्या दुसऱ्या मजल्यावरून जमेल, पण अनोळखी घराची बेल कोण वाजवणार!

आणि कठड्यावरचं धुणं चौकटीत ठेवता की टाळता? मला तर एखादा लाल टॉवेल हवाच वाटतो.