मदत हवी आहे: घरपट्टीवरील वारसनोंदीचा अर्ज अडला, प्रथम अपील कसे करावे?

सर्वांना नमस्कार. वडिलांच्या निधनानंतर आमच्या जुन्या घराच्या घरपट्टीवर आईचे नाव लावावे, म्हणून मी तालुक्याच्या गावच्या नगरपरिषदेत अर्ज दिला असून त्यासोबत मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, दोन्ही बहिणींचे संमतीपत्र आणि कर भरल्याची पावती जोडली आहे. घरपट्टीवरील नाव हा मालकीचा पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे. परंतु पुढची बिले आईच्या नावाने यावीत एवढीच आमची अपेक्षा आहे.

अडचण अशी की, अर्ज देऊन साडेतीन महिने झाले तरी ना नोंद झाली, ना लेखी नकार मिळाला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार पोचपावतीवर अर्जाचा क्रमांक आणि सेवेची मुदत नमूद असायला हवी. मला मात्र आवक शिक्का मारलेली प्रत तेवढी मिळाली. (तीही आग्रह धरल्यावर.) मुदत संपल्यापासून 30 दिवसांत प्रथम अपील करावे लागते आणि सबळ कारण असल्यास 90 दिवसांपर्यंतचे अपील दाखल करून घेता येते, असे कायद्यात वाचले. पण मुदतच लिहिलेली नसेल, तर हे दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? केवळ आवक शिक्क्याच्या आधारे अपील स्वीकारले जाते का, की ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर नव्याने अर्ज करणे श्रेयस्कर ठरेल? ज्यांनी स्वतः असे अपील केले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर कळवावा.