ओरॅकलमधून मायएसक्यूएलमध्ये आकडे नेताना दशांश गळतात

अपूर्णांक:
ओरॅकल डेटाबेसमधलं एक टेबल मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये न्यायचं आहे. एसक्यूएल प्लस या ओरॅकलच्या कमांड-टूलमधून स्पूल करून (निकाल फाइलमध्ये उतरवून) सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली फाइल, काढली आणि मायएसक्यूएलच्या 'लोड डेटा लोकल' कमांडने भरली. एरर एकही नाही, ओळींची संख्या दोन्हीकडे सारखी. पण १२३४५६७८९०१२ हा पावती क्रमांक तिकडे १२३४६००००००० झालाय, दरांचे दशांश साफ गेलेत आणि सवलत जिथे नल (किंमतच नाही) होती तिथे ० दिसतोय. ओरॅकलमध्ये तिन्ही कॉलम नुसते 'नंबर' आहेत. इकडे क्रमांक बिगइंट (मोठा पूर्णांक). दर आणि सवलत डेसिमल. गडबड नेमकी कुठे आहे?

स्तंभलेखक:
एक नाही, तीन गडबडी आहेत. पहिली फाइलमध्येच झालीय. सीएसव्ही साध्या एडिटरमध्ये उघडा (एक्सेलमध्ये नको, ते पंधरा अंकांपुढे स्वतःच शून्यं घालतं). क्रमांकाच्या जागी १.२३४६ई+११ दिसेल. एसक्यूएल प्लसमध्ये नमविड्थ (आकड्याला मिळणारी जागा) मुळात १० असते. बारा अंक मावले नाहीत की ते घातांकात लिहून मोकळं होतं. मायएसक्यूएलने तेच इमानदारीत वाचलं.

दराचं जास्त वाईट, कारण ते नजरेत भरत नाही. १२.३४५६७८९०१२३४ चं फाइलमध्ये १२.३४५६७८९ एवढंच उतरतं.

नमविड्थ वाढवून भागेल, पण मी क्वेरीतच टू_कॅर(दर, 'टीएम९') लावेन (ते पूर्ण आकड्याचा मजकूर करून देतं), म्हणजे आकडा स्क्रीनच्या रुंदीवर अवलंबून राहत नाही. त्याआधी सेशनमध्ये एनएलएस_न्यूमरिक_कॅरेक्टर्स (दशांशचिन्ह ठरवणारी सेटिंग) '.,' करून घ्या. तिथे दशांशचिन्ह स्वल्पविराम असेल तर सीएसव्हीचे कॉलमच सरकतील.

शेषफल:
दशांश मात्र लोड करताना गेले. मायएसक्यूएलमध्ये कंस न देता डेसिमल लिहिलं की ते डेसिमल(१०,०) होतं. १२.३४५६७८९ चे सरळ १२. स्ट्रिक्ट मोडमध्येही (चुकीची किंमत नाकारणारी सेटिंग) याला एरर येत नाही, फक्त नोट येते. लोडनंतर लगेच 'शो वॉर्निंग्ज' चालवलं असतं तर दिसली असती.

अपूर्णांक:
मग दराचा कॉलम 'डबल' प्रकाराचा करून टाकू का? किती दशांश आहेत हेच माहीत नाही.

शेषफल:
पैशाशी संबंध असेल तर डबल नको. त्यात पंधरा सार्थ अंकांपर्यंतच भरवसा, आणि ०.१ सुद्धा तंतोतंत साठत नाही.

दशांश मोजून घ्या. ओरॅकलवर 'दर <> राउंड(दर, ४)' अशा ओळी किती, ते पाहा. शून्य आल्या तर डेसिमल(१८,४) पुरेल, फक्त कमाल दराचा पूर्णांक भाग १४ अंकांत बसतो ना ते तपासा. ओळी आल्या तर ४ च्या जागी ६, मग ८ असं वाढवत न्या. कुठेच थांबत नसेल तर दर भागाकारातून आलेत. १ भागिले ३ सारख्या किमतीला नंबरमध्ये चाळीसेक अंक साठतात आणि मायएसक्यूएलची मर्यादा दशांशानंतर ३० आहे. तिथे किती ठेवायचे हे हिशेब वापरणाऱ्यांनाच विचारा, डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) ठरवू नये.

स्तंभलेखक:
सवलतीचं राहिलं. सीएसव्हीतली रिकामी जागा मायएसक्यूएलला नल वाटत नाही, ती रिकामी स्ट्रिंग असते. नुसत्या लोड डेटाने स्ट्रिक्ट मोडमध्ये एरर दिली असती. 'लोकल' लावलं की त्याच एररची वॉर्निंग होते आणि ० बसतो. म्हणून ते फील्ड @स या व्हेरिएबलमध्ये वाचा आणि 'सेट सवलत = नलइफ(@स, '')' द्या, म्हणजे रिकाम्या स्ट्रिंगचा नल होईल.

ओळी मोजून यातलं काहीच पकडलं जात नाही. प्रत्येक कॉलमसाठी काउंट(कॉलम), सम, मिन, मॅक्स दोन्हीकडे काढा. काउंट(कॉलम) नल वगळतं, त्यामुळे सवलतीचा फरक तिथेच उघडा पडेल. आणि ओरॅकलकडची सम पण टू_कॅरमधूनच काढा, नाहीतर तीही दहा जागांत कोंबलेली येईल आणि बरोबर भरलेला डेटा चुकीचा वाटेल.