सिगिरिया: आईला चित्रं दाखवता येतील का?

दादरकर: मुंबईहून कोलंबो, तिथून सिगिरिया, म्हणजे श्रीलंकेतला जुना कातळकिल्ला. आईचे गुडघे कुरकुरतात. माथ्यापर्यंत न चढता तिथली कातळावरची जुनी चित्रं दिसतील?

गडवेडा: दिसतील. चित्रं माथ्यावर नाहीतच, साधारण अर्ध्या उंचीवर कपारीत आहेत. अडचण शेवटच्या गोल लोखंडी जिन्याची: अरुंद आहे, मध्ये थांबलात की मागची रांग खोळंबते. दार उघडताच चढा. दहानंतर कातळ तापतो. चित्रांचे फोटो काढू देत नाहीत.

रंगारी: ढगांतून कमरेपासून वर आलेल्या त्या स्त्रिया साधारण अजिंठ्याच्या वाकाटक लेण्यांच्याच काळातल्या, कश्यपाच्या (४७७–४९५). बाप धातुसेनाला मारून गादीवर आलेला हा राजा, पण नजर रसिकाची! तांबडा, पिवळा, हिरवा नीट बघा; अजिंठ्याचा लाजवर्दी निळा इथे सापडणार नाही. पुढच्या आरसेभिंतीच्या गुळगुळीत गिलाव्यावर जुन्या प्रवाशांनी कविता कोरल्यात. हात लावू नका.

गडवेडा: आईंना तिथूनच उतरवा. पुढे दाराशी असलेल्या भल्यामोठ्या सिंहशिल्पाचे नुसते पंजे उरलेत, त्यानंतरचा लोखंडी जिना उभा कड्याला टांगलेला. वर गांधीलमाश्यांची पोळी असतात, आरडाओरडा केला की उठतात. त्यापेक्षा खालच्या जलबागा दाखवा. पावसाळ्यात तिथली जुनी कारंजी अजून उडतात.