एका दिवसात दरी? सेंट हेलेन्सचा दाखला कितपत टिकतो

प्रश्न – घाटमाथा
बायबलमधल्या नोहाच्या महापुराने अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन ही दरी झटक्यात कोरली, असं सांगणारे व्हिडिओ सारखे फिरतायत. पुरावे दोन: वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीपाशी १९ मार्च १९८२ च्या चिखललोंढ्याने चाळीसेक मीटर खोल घळ पाडली, आणि तिथल्या लाव्हाच्या घुमटात १९८६ साली थिजलेल्या खडकाचं वय पोटॅशियम-अर्गॉन या वय काढायच्या पद्धतीने साडेतीन लाख वर्षं निघालं. यात खरं किती?

गाळकण
लोंढा खरा, खोलीही खरी. तुलना खोटी. टूटल नदीच्या उत्तर फाट्यावर कापली गेली ती १९८० च्या उद्रेकात साचलेली राख, प्युमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड) आणि ढासळलेल्या डोंगराचा मलबा. खडक नव्हेच. ग्रँड कॅन्यन सुमारे १६०० मीटर खोल, ४४६ किमी लांब, आणि तळाशी शिस्ट नि ग्रॅनाइट हे कठीण खडक.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'थर तेव्हा ओलेच होते.' मग कडे उभे कसे राहिले? ग्रँड कॅन्यनमधल्या एकट्या रेडवॉल या चुनखडीच्या थराचा कडा दीडशे मीटरच्या वर आहे. ओला गाळ तेवढ्या उंचीला स्वतःच्या वजनानेच घसरेल. शिवाय त्या चुनखडीच्या माथ्यावर पाण्याने विरघळून झालेल्या गुहा आणि जुने ओहोळ आहेत, ते पुढच्या गाळाने भरलेत आणि त्यावर सुपाई नावाचे नंतरचे थर बसलेत. म्हणजे चुनखडी आधी घट्ट झाली, उघडी पडली, झिजली, मग गाडली गेली. हे सगळं एका पुराच्या पोटात बसवून दाखवा म्हणावं.

वळणवाट
खरा महापूर कसा दिसतो ते वॉशिंग्टन राज्याच्याच पूर्व भागात दिसतं. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचा बांध फुटून मिसुला सरोवराचं सुमारे २००० घन किमी पाणी सुटलं, तेही अनेकदा. त्याने बेसाल्टसारखा कठीण खडकसुद्धा उचकटला. मागे राहिल्या एकमेकींत गुंतलेल्या रुंद घळी, कोरडे धबधबे, गोट्यांच्या प्रचंड लाटा. याउलट युटातली सॅन हुआन नदी ३०० मीटर खोल खडकात घट्ट नागमोडी वळणं घेत जाते. लोंढा अशी वळणं कोरत बसत नाही.

आणि 'शास्त्रज्ञांना पुराचं वावडं' म्हणणाऱ्यांना भूवैज्ञानिक ब्रेट्झची गोष्ट सांगा. १९२३ पासून तो वॉशिंग्टनमधल्या या महापुराविषयी लिहीत होता, कित्येक वर्षं त्याला धुडकावलं, पण पुरावा पटला तेव्हा १९७९ मध्ये भूविज्ञानातलं मानाचं पेनरोज पदक दिलं.

अर्धायुष्य
अर्गॉनचं: खडकातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० पासून हळूहळू अर्गॉन वायू तयार होतो, आणि साचलेल्या अर्गॉनवरून वय काढतात. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षं. दहा वर्षांत तयार होणारा अर्गॉन मोजता येण्याजोगा नसतोच. मोजला गेला तो मॅग्मात (वितळलेल्या खडकात) आधीच वाढलेल्या स्फटिकांनी सोबत आणलेला. त्याच नमुन्याचे आकडे बघा, व्हिडिओत ते सहसा नसतात: अख्खा खडक ३.५ लाख वर्षं, त्यातली खनिजं वेगळी काढली तर अॅम्फिबोल ९ लाख, पायरॉक्सीन १७ लाख, आणखी शुद्ध केलेलं पायरॉक्सीन २८ लाख. एकाच खडकाची चार वयं! घड्याळ बिघडलेलं नाही, नमुना त्या घड्याळाचा नव्हता.

अर्गॉन-अर्गॉन या सुधारित पद्धतीत नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात, त्यातून हा आगंतुक अर्गॉन ओळखता येतो. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या इ.स. ७९ च्या उद्रेकाचं वय १९९७ मध्ये असंच काढलं: १९२५ ± ९४ वर्षं. खरं होतं १९१८.

घाटमाथा
म्हणजे असा आकडा कुणी पुढे केला तर आधी काय विचारायचं?

अर्धायुष्य
सुरुवातीचा अर्गॉन तपासला, की शून्य धरला? आणि खनिजांची वयं एकमेकांशी जुळतात का?