बॅजरचा दाढीचा ब्रश : कोणता घ्यावा आणि फेस टिकवावा कसा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

दाढीच्या ब्रशबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. फोमचा डबा सोडून साबण-ब्रशवर आलो त्याला आता बराच काळ झाला. रेझर दुधारी ब्लेडचा, साबण घट्ट वडीचा. आजवर डुकराच्या केसांचा ब्रश वापरत आलो. गालांना तो चालतो, पण गळ्याची कातडी नाजूक. ब्रश गोल गोल फिरवला की ब्लेड लागायच्या आधीच गळा लाल. म्हणून बॅजरच्या (बिळात राहणाऱ्या एका केसाळ प्राण्याच्या) केसांच्या ब्रशकडे वळायचं मनात आहे.

हाताशी एक बॅजरचा ब्रश आहे, भेट म्हणून आलेला. मुठीवर 'प्युअर बॅजर' एवढंच लिहिलंय, बनवणाऱ्याचं नाव नाही. त्याची तऱ्हा अशी : साबणावर जरा फिरवला की भरपूर फेस दिसतो. सुलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेने ब्लेड, मारून होईपर्यंत सगळं छान. मग उलट्या हातासाठी पुन्हा ब्रश गालाला लावावा, तर त्यातून नुसतं पांढरं पाणी गळतं. फेस गेला कुठे, देव जाणे. शिवाय ओला झाला की ओल्या कुत्र्यासारखा वास येतो आणि रोज एखाददुसरा केस गालावर चिकटलेला सापडतो.

तर हा ब्रशच टाकाऊ आहे का? नवीन घ्यायचा तर प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप या पायऱ्यांपैकी कुठे थांबावं? मी वाटी वापरत नाही, फेस थेट चेहऱ्यावरच करतो. आणि अंघोळीचं पाणी क्षारांचं आहे, नळाच्या तोटीवर पांढरा थर साचतो, त्याचा ब्रशवर परिणाम होतो का? जे वापरून पाहिलंय तेच सांगा. जाहिरातीतलं वाचून झालंय.

– गळालाल

प्रतिसाद : निवांत दाढी

वास आणि केस गळणं, दोन्ही नव्या बॅजरला असतंच. संध्याकाळी ब्रशवर घट्ट फेस करा आणि रात्रभर तसाच राहू द्या, सकाळी धुवा. असं चार-पाच वेळा केलं की वास जातो. सुरुवातीचे काही आठवडे मोजके केस गळतात ते आतले सुटे केस असतात. महिन्याभरानंतरही रोज गळत असतील, किंवा एकदम झुपकाच हातात आला, तर गोंद कच्चा आहे असं समजा.

प्रतिसाद : फेसपुराण

ब्रश टाकू नका, आधी त्याला पुरेसा साबण द्या.

बॅजरचा केस पाणी धरून ठेवतो, त्यासाठीच त्याचं कौतुक. पण तेच इथे तुमच्या अंगाशी येतंय. डुकराचा केस जाड. तो पाणी पिऊन मऊ होतो, म्हणून त्याला आधी भिजत ठेवावं लागतं. त्या सवयीने आपण बॅजरही भिजवतो आणि तसाच निथळता साबणावर नेतो. मग होतं असं की टोकांवर साबण आणि पोटात पाणी. वरवरचा फेस पहिल्या हाताला खपतो, आणि दुसऱ्या वेळी ब्रश दाबला की पोटातलं पाणी उरलासुरला साबण घेऊन खाली येतं.

करायचं असं : कोमट पाण्यात बुडवून काढला तरी बॅजर पुरेसा भिजतो. कढत पाणी नको, केस ठिसूळ होतात आणि मुठीतला गोंदही सैलावतो. मग ब्रश हलका पिळा आणि दोन जोरदार झटके द्या. आता साबणावर फिरवा, घाई न करता, सावकाश अर्धा मिनिट तरी. सुरुवातीला मोठे बुडबुडे दिसतील, तो फेस नव्हे. फिरवत राहा. बुडबुडे बारीक होत जातात, मग दिसेनासे होतात, आवाज बदलतो आणि ब्रश साबणाला चिकटल्यासारखा जड फिरू लागतो. टोकांवर चकाकी नसलेला, दाट लेप दिसला की साबण पुरेसा झाला.

मग चेहऱ्यावर. पाणी इथे घालायचं, तेही थेंबाथेंबाने : नुसती टोकं पाण्याला टेकवा, फिरवा, पुन्हा टेकवा. लेपावर हळूहळू चकाकी येते. दोन बोटांत घेऊन चोळून पाहा. चिकट लागला तर पाणी कमी आहे, सुळकन सरकला तर ब्लेड उचला. चेहऱ्यावरून ओघळायला लागला तर मात्र पाणी जास्त झालं, थोडा साबण वाढवा.

आणि गळ्याचं म्हणाल तर तिथे गोल फिरवूच नका. फेस गालावर आणि हनुवटीवर तयार करून घ्या आणि गळ्याला वरखाली, रंग दिल्यासारखा नुसता लावा. निम्मा लालपणा ब्रशच्या जातीपेक्षा त्या गोल रगडण्याने येतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : खुंटशास्त्र

फेसपुराण यांच्याशी सहमत. मी पायऱ्यांबद्दल लिहितो, कारण तिथेच लोकांचे पैसे जातात.

प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप ही नावं कुठल्याही एका प्रमाणावर बेतलेली नाहीत. एका कारखान्याचा 'बेस्ट' दुसऱ्याच्या 'सुपर'ला मागे टाकतो. ढोबळमानाने प्युअर म्हणजे गडद, जाडसर, टोकांना जरा टोचणारा केस. बेस्ट त्याहून बारीक. सिल्व्हरटिप म्हणजे पांढऱ्या टोकांचा, मऊ. काही ठिकाणी टोकं ब्लीच करून पांढरी करतात किंवा प्रक्रिया करून मऊ करतात, त्यामुळे नुसत्या पांढऱ्या रंगावर भाळू नका. पट्टे बघायचे तर तीन पट्ट्यांचा केस असतो, टोक पांढरं, मध्ये काळा पट्टा, बुडाशी पुन्हा फिकट. दोन पट्ट्यांच्या केसात बुडाचा फिकट भाग दिसत नाही. असे ब्रश साधारणपणे दाट बांधलेले आणि जास्त ताठ असतात.

पण तुम्ही वडीवर फिरवणार आणि चेहऱ्यावर फेस करणार, तेव्हा तुमच्यासाठी ताठपणा महत्त्वाचा. तो केसांच्या नावापेक्षा बांधणीवर ठरतो. केसांचा झुपका, ज्याला नॉट म्हणतात, त्याचा बुडाशी व्यास मोजा. मग लॉफ्ट, म्हणजे मुठीच्या काठापासून टोकापर्यंतची उंची. लॉफ्ट व्यासाच्या दुपटीच्या आसपास असेल तर ब्रश वडीवर दम धरतो. त्याहून बराच उंच असेल तर लोळतो, मग सिल्व्हरटिप असो की आणखी काही. २४ मिमीच्या नॉटला ५० मिमीच्या जवळपासचा लॉफ्ट, हे चेहऱ्यावर फेस करणाऱ्याला बरं पडतं. २८–३०चे भलेमोठे नॉट फोटोत छान दिसतात, पण नाकाखाली आणि ओठांवर त्यांची अडचणच होते. फार दाट नॉटही फेस पोटात अडवून धरतो, पिळल्याशिवाय देत नाही. क्रीम वापरून वाटीत फेस करणाऱ्याला उंच, लवचीक ब्रश चालतो, तुम्हाला नाही.

तुमच्या ब्रशची मापं टाका, मग बोलू. आणि एक तपासणी : झुपका ओला करून बुडाशी बोटांनी चाचपा. काठाच्या वर आत कडक गोळा लागला तर गोंद केसांत चढलाय. तिथे केस वाकून तुटतात.

प्रतिसाद : सुलटा हात

बनवणाऱ्याचं नाव नाही म्हणताय, मग तो बॅजर आहे का हेही बघा! डुकराच्या केसांवर काळा पट्टा रंगवून बॅजरसारखे केलेले ब्रश सर्रास मिळतात. गळलेला एक केस उजेडात धरा. बॅजरचा केस मध्ये जाड आणि दोन्हीकडे निमुळता होत जातो, टोक एकच. डुकराच्या केसाचं टोक वापरून फाटतं, त्याला फाटे दिसतात. कृत्रिम धाग्याची शंका असेल तर तोच केस चिमट्यात धरून काडी लावा. खरा केस जळक्या केसाचा वास देतो आणि राख चुरगळते, धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

नकली बॅजर ही काही आजची गोष्ट नाही. पहिल्या महायुद्धात बॅजरच्या केसांचा पुरवठा आटला तेव्हा घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील असे करून ब्रश विकले गेले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते, त्यामुळे सैनिकांना आणि साध्या नागरिकांनाही त्यातून अँथ्रॅक्स (जनावरांकडून माणसाला होणारा गंभीर रोग) झाला. ब्रिटनने १९२० मध्ये जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदीच घातली. तुमच्या ब्रशला घाबरायचं कारण नाही, पण दाढीच्या ब्रशवरून कायदा झाला होता हे मला फार मजेशीर वाटतं.

प्रतिसाद : कृत्रिमच बरा

या चर्चेत कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हा केस बहुतेक सगळा चीनमधून येतो. ब्रिटनमध्ये बॅजर १९९२च्या कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे तिथले बॅजरचे ब्रशही बाहेरून आणलेल्या केसांचेच. पेटा या प्राणीहक्क संघटनेने २०१८ मध्ये चीनमधल्या बॅजर-फार्मचं चित्रीकरण प्रसिद्ध केलं, त्यानंतर काही कंपन्यांनी बॅजरचे ब्रश विकणं थांबवलं. नवीन घेण्याआधी ते एकदा पाहा.

आताचे कृत्रिम ब्रश पूर्वीच्या प्लास्टिकच्या कुंच्यांसारखे राहिलेले नाहीत. काळ्या-पांढऱ्या धाग्यांचे, दोन पट्ट्यांच्या बॅजरवर बेतलेले नॉट गळ्याला अतिशय मऊ. धागा पाणी शोषत नाही, म्हणून साबण कमी लागतो, वास नाही, तासाभरात कोरडा. प्रवासात तर दुसरं काही नेऊच नये.

प्रतिसाद : खुंटशास्त्र

मुद्दा मान्य, आणि नवशिक्याला मीही आधी कृत्रिमच सुचवतो. फक्त एक फरक : धागा पाणी आत धरत नाही, त्यामुळे साबणावर ओला नेला तर पाणी भसकन सगळं सुटतं. बॅजर ते हळूहळू सोडतो आणि फेस जास्त वेळ ऊबदार राहतो. ज्याला त्या उबेचं कौतुक आहे त्याला कृत्रिम ब्रश कोरडा वाटतो. बाकी दाढी दोन्हीने सारखीच होते.

प्रतिसाद : गळालाल (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. झटकून, अर्धा मिनिट साबणावर फिरवून पाहिलं. उलट्या हातानंतर खाडाखोड करायलाही फेस उरला! गळ्याला वरखाली लावला, लालपणा बराच कमी आहे, पण टोकं अजून टोचतात.

मापं : नॉट २१ मिमी, लॉफ्ट ५८. बुडाशी गोळा लागत नाही. केस जाळून पाहिला, वास खऱ्या केसाचाच आला, घरच्यांनी खिडक्या उघडल्या. चित्रीकरणाबद्दल वाचलं आणि नव्या बॅजरचा विचार तूर्त बाजूला ठेवलाय. आता हाच वापरायचा, की गळ्यासाठी कृत्रिम घ्यायचा? क्षारांच्या पाण्याचं उत्तरही राहिलं.

प्रतिसाद : फेसपुराण

हाताशी आहे तो ब्रश वापरा. टाकून त्या प्राण्याचं काही भलं होणार नाही. २१ला ५८ म्हणजे उंच आणि विरळ, म्हणून लोळतो. वडीवर फिरवताना झुपका बुडाशी दोन बोटांत धरा, ताठपणा येतो. प्युअरची टोकं वापराने थोडीफार मऊ होतात, सिल्व्हरटिप मात्र कधीच होणार नाही. गळा तरीही कुरकुरला तर २४ मिमीचा कृत्रिम घ्या आणि दोन्ही आलटूनपालटून वापरा.

आता पाणी. क्षार साबणाशी मिळून न विरघळणारी साय तयार करतात. त्यामुळे एक तर फेस कमी होतो, म्हणून क्षारांच्या पाण्यात साबण नेहमीपेक्षा जास्त घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे ती साय केसांच्या बुडाशी साचते, ब्रश राठ होतो आणि टोकांकडे कितीही धुतलं तरी आतून पांढरंच निघत राहतं. रोज धुताना अंगठ्याने झुपका मधोमध उघडून बुडातून पाणी सोडा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. महिन्या-दोन महिन्यांनी पांढरं व्हिनेगर भरपूर कोमट पाण्यात मिसळून त्यात फक्त केस पाच मिनिटं बुडवा. मूठ बाहेर, खास करून लाकडी असेल तर. मग थोडा शाम्पू आणि स्वच्छ पाणी. शक्य असेल तर दाढीपुरतं आरओ यंत्रातलं किंवा पावसाचं पाणी वापरून बघा, फेसातला फरक लगेच कळेल.

पिळताना झुपक्याला पीळ देऊ नका, मुठीत धरून फक्त दाबा. ओढूही नका.

प्रतिसाद : गळालाल (धागाकर्ता)

स्टँडवर उलटा टांगायचा का? भेटीसोबत स्टँडही आलाय.

प्रतिसाद : निवांत दाढी

टांगा किंवा उभा ठेवा, फरक पडत नाही. दोन झटके देऊन टॉवेलवर पुसला की आत उरलेलं पाणी असंही केसांतच अडकून राहतं, ते वाऱ्यानेच जातं. बंद कपाटात किंवा डबीत ओला ठेवू नका, एवढं सांभाळा. स्टँडवर रेझर टांगा.