शब्दचर्चा : ‘विंगमन’ म्हणजे पाठराखा की पंखसाथी?

देवगडहून विचारणा

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमधल्या मोहिमांची माहितीपत्रकं मराठीत करतोय. फॉर्मेशन, विंगमन, एशलॉन, ओव्हरशूट आणि रीजॉइन या पाच शब्दांपाशी गाडी अडली आहे. ‘विंगमन’ला, म्हणजे पुढच्या नायक विमानाच्या बाजूने त्याला साथ देत उडणाऱ्याला, ‘पंखसाथी’ चालेल का? आणि ते विमान माणसाऐवजी संगणक चालवत असेल तरी तोच शब्द ठेवावा का?

अलिबाग

फॉर्मेशनला एकच शब्द शोधू नका. ‘रचना’ म्हणजे नुसती मांडणी, ‘व्यूह’ म्हणजे लढण्याच्या बेताने केलेली मांडणी. संचलनात पंखांच्या टोकांमध्ये जेमतेम 3 फूट ठेवून उडतात ती रचना. ब्रिटिशांची दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीची तीन-तीन विमानांची घट्ट मांडणीही माझ्या लेखी रचनाच, कारण बाजूच्या दोघांची नजर नायकाच्या पंखावरच खिळायची आणि आकाश बघायला कुणी उरायचं नाही. जर्मनांनी स्पेनच्या यादवी युद्धात जोडीजोडीने, सुमारे 200 मीटर अंतर ठेवून उडायला सुरुवात केली. दोन जोड्या मिळून चौकडी. तो व्यूह.

चौकडीचं चित्र समजावायचं तर उजवा हात टेबलावर पालथा ठेवा आणि अंगठा आत दुमडा. मधलं बोट नायक, तर्जनी दोन नंबर, अनामिका तीन, करंगळी चार. ‘चारबोटी’ म्हणा. ‘पंजा’ म्हटलं की लोकांना निवडणूक आठवते.

मालवण

‘पंखसाथी’ कवितेत ठीक. माझं मत ‘पाठराखा’. लग्नानंतर नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तिने नवरीच्या पुढे पुढे करायचं नसतं आणि तिला एकटं सोडून गावभर हिंडायचंही नसतं. दोन नंबरच्या विमानाचं काम नेमकं हेच. संगणकी पाठराखा बिघडतो तोही याच दोन तऱ्हांनी. एक तर नायकाच्या नाकासमोर येतो, नाहीतर लांबवर शत्रू दिसला की व्यूह सोडून पळतो.

दुसऱ्या तऱ्हेवर उपाय मोहिमेच्या मांडणीतच आहे. डीसीएस या सिम्युलेटरमध्ये मार्गबिंदूच्या प्रगत क्रियांमधून व्यूहाचा प्रकार, हत्यार वापरायची मुभा आणि धोक्याला द्यायचा प्रतिसाद हे तिन्ही वेगवेगळे ठरवता येतात. बरेच जण नुसता व्यूह बदलतात आणि मुभा मोकळीच ठेवतात. मग पाठराखा ऐकत नाही म्हणून ओरड. वाटेतल्या बिंदूंवर गोळीबार बंद ठेवा, लक्ष्याच्या आधीच्या बिंदूवर खुला करा.

वेंगुर्ले

पाठराखाला माझंही मत. आता एशलॉन. मूळ फ्रेंच शब्द शिडीच्या पायरीचा. प्रत्येक विमान पुढच्याच्या एका बाजूला आणि थोडं मागे. आपल्याकडे घराकडे चढत जाणारी दगडी पायऱ्यांची वाट ती पाखाडी. ‘डावी पाखाडी’, ‘उजवी पाखाडी’. रेडिओवर ऐकतानाही दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

आणि तिघांच्या बाणासारख्या मांडणीला ‘दुपाखी’ का नको? छपराच्या उताराला आपण पाख म्हणतो, तो ‘पक्ष’ म्हणजे पंख यातूनच आलेला. आढ्यावर नायक, दोन्ही पाखांवर एकेक. बाजूचे दोघे नायकापेक्षा किंचित खाली ठेवले तर समोरून बघताना शब्दशः कौलारू घर दिसतं.

गुहागर

ओव्हरशूटबद्दल. इथे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांना शब्दही दोन हवेत.

पहिला दोष, पाठराखा आपल्या जागेच्या मागेपुढे सतत होत राहतो. याला ‘हेलकावे’ म्हणू नका. हेलकावे होडी खाते, बाहेरच्या लाटेमुळे. हे आहे हिंदकळणं, कळशीतल्या पाण्यासारखं, स्वतःच्याच धक्क्याने. कारण साधं आहे. आज्ञावली फक्त अंतर बघते, मागे असला की थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा) पुढे, पुढे गेला की मागे. जेट इंजिनाला जोर धरायला काही सेकंद लागतात, तोवर जागा निघून गेलेली असते. उपाय तीन : अंतराबरोबर अंतर बदलण्याचा वेगही हिशोबात धरा, जागेभोवती 3-4 मीटरचा ‘माफीचा पट्टा’ ठेवा, त्यात थ्रॉटलला हात नाही, आणि लक्ष्य नायकाच्या आत्ताच्या जागेवरून न काढता तो एक-दोन सेकंदांनी असेल तिथलं काढा.

दुसरा दोष, दुरून येताना थेट पुढे निघून जाणं. त्याला ‘पुढे फुटणं’ म्हणावं. समजा पाठराख्याचा वेग नायकापेक्षा ताशी 100 किमी जास्त आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. थ्रॉटल ओढून त्याचा वेग दर सेकंदाला 1 मीटरनेच कमी होत असेल, तर तो जादा वेग संपायला जवळजवळ 390 मीटर लागतात. 200 मीटरवर थ्रॉटल ओढला तर पुढे फुटणारच. 100 मीटरवर जादा वेग ताशी 50 च्या आसपास हवा, 25 मीटरवर 25. अंतर चौथाई तर वेग निम्मा. आज्ञावलीत अंतराच्या सरळ प्रमाणात वेग कमी करतात, तिथेच चुकतं. दुरून तो फार वेगात येतो आणि जवळ आल्यावर उगाच रेंगाळतो.

देवगड

हिंदकळणं घेतलं. पण वळणावर बाहेरच्या बाजूचा पाठराखा कायम मागे का पडतो?

गुहागर

तिथे दोष त्याचा नाही, नायकाचा. ताशी 500 किमी वेगाने 30 अंश कलून वळलं तर वळणाची त्रिज्या सुमारे 3,400 मीटर. आडव्या अंतराने 100 मीटर बाहेर असलेल्याला 3 टक्के जास्त वेग लागतो, म्हणजे ताशी 15 किमी. हे जमतं. 60 अंशांवर त्रिज्या साधारण 1,140 मीटरच उरते आणि जादा वेग होतो ताशी 44 किमी. नायक आधीच पूर्ण थ्रॉटलवर असेल तर हा वेग पाठराख्याने आणायचा कुठून? मार्गबिंदूंचा वेग कमाल वेगाच्या बराच खाली ठेवा आणि नायकाचं कलणं 30 अंशांत बांधा. अर्धा त्रास तिथेच संपतो.

मालवण

रापणीसारखंच. दोन दोरांपैकी एक पुढे ओढला गेला की जाळं तिरकं होतं, मग मागच्या बाजूला कितीही हाका मारा.

शेजारी-शेजारी एक-दीड मैल अंतर ठेवून उडताना मात्र नुसत्या थ्रॉटलने भागत नाही. तिथे वळणात बाहेरचा आत येतो आणि आतला बाहेर जातो, म्हणजे दोघांची वाट सारखी पडते. याला ‘कूस बदलणं’ सुचवतो. आज्ञावलीला बाजू बदलायची परवानगीच नसेल तर पाठराखा आपली बाजू धरून ठेवायला मोठा वळसा मारत बसतो.

अलिबाग

जाता जाता, घड्याळाच्या दिशा, म्हणजे बारा समोर आणि सहा थेट मागे. ‘शत्रू सहा वाजता’ लिहू नका, वाचणारा संध्याकाळची वाट बघेल. ‘शत्रू सहावर’ पुरे.

वेंगुर्ले

राहिला रीजॉइन, म्हणजे लांब गेलेल्या पाठराख्याला नायकाजवळ बोलावायचा हुकूम. ‘येऊन मिळ’ असं लिहा. ‘परत ये’ मुळीच नको. हुकमांच्या यादीत तळावर परतायचा हुकूम वेगळा असतो आणि घाईत तोच दाबला जातो. चाकं बाहेर काढून धावपट्टीकडे निघालेला पाठराखा मग मागे वळवता वळवता नाकी नऊ येतात.