आकाशी, अस्मानी की नुसतंच निळं? (फुटबॉल टीमची टोपणनावं)

नेरुळची माई:
मंडळी अडलेय. लेकीच्या शाळेत वर्ल्ड कपचं भित्तिपत्रक करायचंय आणि तिच्या वाट्याला देशोदेशीच्या टीमची टोपणनावं आलीत, मराठी अर्थासकट. इटलीचे अझ्झुरी, लिहिलं निळे. फ्रान्सचे ले ब्लू, लिहिलं निळे. उरुग्वेची ला सेलेस्ते, परत निळेच. त्यात आपले ब्लू टायगर्स आणि जपानचे सामुराय ब्लू. पोरगी म्हणाली आई सगळेच निळे तर मग ओळखायचं कसं? म्हणून उरुग्वेपुढे 'अस्मानी' लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या, अगं अस्मानी गडद असतो, तुला आकाशी म्हणायचंय. मी जन्मभर दोन्ही एकच समजत आलेय. कोण बरोबर?

उपवनकाठ:
सासूबाई बरोबर असाव्यात पण आधी इटलीचं बघा. इटालियनमधे अझ्झुरो आणि ब्लू हे दोन वेगळे रंग धरतात, आपण जसं लाल आणि गुलाबी वेगळे धरतो तसं. त्यांच्या झेंड्यात निळा कुठेच नाही, हिरवा पांढरा लाल आहे. निळा आला तो सावोय राजघराण्याचा, १९११ च्या जानेवारीत हंगेरीशी खेळताना पहिल्यांदा घातला, त्याआधी पांढरे शर्ट होते. १९४६ ला राजेशाही गेली, रंग मात्र अंगावरून उतरला नाही. आणि मुळात तो शब्द फारसी लाजवर्दवरून गेलाय, अफगाणिस्तानात बदख्शानच्या खाणीत निघतो तो निळा दगड. म्हणून अझ्झुरी म्हणजे 'लाजवर्दी' लिहा, फ्रान्सला निळे राहू द्या.

मराठीचा आग्रही:
मराठी शाळेच्या भिंतीवर फारसी शब्द का? त्या दगडाला आपल्याकडे राजावर्त म्हणतात, रसशास्त्रात आहे. अस्मानीचंही तेच, घरात आकाश असताना बाहेरून अस्मान आणायचं कारण मला दिसत नाही.

कळव्याचा पैलवान:
दादा, अस्मान काढून टाकलंत तर कुस्ती कशी सांगायची? अस्मान दाखवलं म्हणतो आपण, आकाश दाखवलं कोणी म्हणत नाही. माझे आजोबा कोल्हापूरला तालमीत होते, पाठ मातीला लागली की डोळ्यासमोर जे येतं ते अस्मान. अस्मानी सुलतानीसुद्धा मग टाकायची का? इतकी वर्षं तोंडात असलेला शब्द आपलाच.

उपवनकाठ:
आणि तो परका तरी कुठे आहे, जुन्या इराणी भाषेतला अस्मन आणि संस्कृतातला अश्मन् हे सख्खे भाऊ, अश्म म्हणजे दगड. आकाश दगडाचं घुमट आहे असं त्या लोकांना वाटायचं अशी एक उपपत्ती आहे. म्हणजे अझ्झुरीही दगडाचे आणि अस्मानीही दगडाचाच, मला हे फार आवडतं.

जांभळी नाक्याची ताई:
वडिलांचं साड्यांचं दुकान होतं, मी गल्ल्याशेजारी बसून मोठी झाले त्यामुळे यावर बोलणारच. आकाशी म्हणजे धुतलेला फिका, लहान मुलाच्या झबल्याचा. अस्मानी त्याच्या दोन पायऱ्या खाली, जरा भरलेला. त्याच्याही पुढे चिंतामणी. आणि आनंदी विसरलात का सगळे? बायका यायच्या आणि नुसतं 'आनंदी दाखवा' म्हणायच्या, बाबा न विचारता बरोबर गठ्ठा काढायचे. हे शब्द दुकानातून जाऊन आता स्काय ब्लू, टर्किश ब्लू आलेत, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. माई तुम्ही इटलीला चिंतामणी लिहा, बिनधास्त.

नेरुळची माई:
ताई आनंदी म्हणजे नक्की कोणता? आमच्याकडे हिरव्याकडे झुकणारा म्हणायचे.

जांभळी नाक्याची ताई:
नाही हो, निळाच. हिरव्याकडे झुकला की मोरपंखी.

घणसोलीकर:
आमच्या आईची आनंदी साडी चक्क हिरवट होती. माईंशी सहमत.

मराठीचा आग्रही:
साड्या बाजूला ठेवू. सेलेस्ते म्हणजेच आकाशातला, तिथे आकाशी अचूक बसतो. अर्जेंटिनाची अल्बिसेलेस्ते म्हणजे पांढरी-आकाशी. १९३० च्या पहिल्या वर्ल्ड कपची फायनल याच दोघांची झाली, उरुग्वेने ४-२ जिंकली, म्हणजे मैदानात दोन्हीकडे आकाशीच. एकाला अस्मानी आणि दुसऱ्याला आकाशी लिहिलंत तर मुलांना कळणारच नाही की मूळ शब्द एक आहे.

कळव्याचा पैलवान:
हे पटलं. पण प्रत्येक नाव मराठीत आणायलाच हवं का? दक्षिण आफ्रिकेचे बाफाना बाफाना, झुलूमधे 'पोरं पोरं'. शब्द तेच पण मराठीत 'आम्ही पोरंपोरं गेलो होतो' म्हटलं की अर्थ होतो फक्त पोरं, मोठं कोणी नाही. तिकडे ते कौतुकाने मारलेली हाक आहे. त्यांच्या बायकांची टीम बान्याना बान्याना, मुली मुली. हे तसंच ठेवा, खाली अर्थ द्या.

मराठीचा आग्रही:
मग शिकायचं काय मुलांनी? नुसते उच्चार?

कळव्याचा पैलवान:
उच्चारसुद्धा शिकण्यासारखा असतो दादा.

घणसोलीकर:
नेदरलँडला काय लिहिणार? ओरान्ये. केशरी ना?

जांभळी नाक्याची ताई:
केशरी नव्हे, नारिंगी. केशर दुधात खललं की पिवळाच रंग येतो, केशरी भात आठवा. आणि भगवा तर गेरूकडचा.

उपवनकाठ:
गंमत म्हणजे तिथे फळाचा संबंधच नव्हता. ऑरेंज हे दक्षिण फ्रान्समधलं गाव, रोमन काळात अराउसिओ. तिथलं संस्थान डच राजघराण्याकडे आलं, ऑरेंजचा विल्यम त्यातलाच. पुढे गावाचं नाव आणि फळाचं नाव सारखं वाजायला लागलं आणि रंग चिकटला. झेंडा बघा, लाल पांढरा निळा. फळाचं नाव मात्र आपल्याच बाजूने गेलंय, संस्कृत नारंग, फारसी नारंग, अरबी नारंज, स्पॅनिश नारांहा.

मराठीचा आग्रही:
म्हणजे नारिंगी अस्सल संस्कृत. हा शब्द घ्याच.

वाशी मार्केट:
संस्कृतच्याही आधी दक्षिणेतला म्हणतात हो. माझा फळांचा गाळा आहे, शेजारचा गाळेवाला मल्याळी, तो लिंबाला नारंगा म्हणतो. पहिल्यांदा त्याने दोन नारंगा मागितले आणि मी संत्री दिली, तो बघतच राहिला. आणि मोसंबी मोझांबिकवरून आली हे माहितीये ना? त्यांच्या टीमला मांबा म्हणतात, तो साप.

घणसोलीकर:
मग संत्रं कुठून आलं? पोर्तुगालच्या सिंत्रा गावावरून असं आमचे मास्तर सांगायचे.

वाशी मार्केट:
ते मला पटत नाही. नागपूरच्या व्यापाऱ्याला विचारून सांगतो उद्या.

नेरुळची माई:
आकाशी फायनल करतेय उरुग्वे-अर्जेंटिनासाठी. इटलीचं अजून रिकामं आहे, शनिवारी चार्ट द्यायचाय. सासूबाईंनी ट्रंकेतून आनंदी साडी काढलीये, मला अजूनही ती हिरवीच दिसते.

जांभळी नाक्याची ताई:
ट्यूबलाइटखाली बघू नका, गॅलरीत न्या.